तू मला पाय लावला नाहीस

परवा सकाळी पुन्हा एक जण उसण घेऊन दारात आला. खकनारकडचा होता. रिक्षातून उतरला तोच वाकडा, एक हात कमरेवर, एक हात ओट्याच्या खांबाला. म्हणाला, "माय आहे का घरात? पाय लावून घ्यायचा होता." मी म्हटलं, "नाही." तो म्हणाला, "केव्हा येतील?" आता याला काय सांगायचं. मी सरळ सांगितलं, "मेली ती." मला गोड बोलता येत नाही, तुला माहीतच आहे. त्याला हात जोडायचे होते, पण कमरेवरचा हात काही निघेना. तसाच वाकून उभा राहिला. दुःखानं वाकला का उसणीनं, समजायला मार्ग नव्हता. तू असतीस तर आत जाऊन तोंडात पदर कोंबून हसली असतीस. मी एकटा होतो. हसलो नाही. त्याला पाणी पाजलं, रिक्षात बसवून दिलं.

असे अजून येतील. खेड्यापाड्यातल्या लोकांना कोण सांगणार? त्यांना एवढंच माहीत की बऱ्हाणपुरात बुधवारा बाजाराच्या मागच्या गल्लीत एक पायाळू बाई राहते. आईच्या पोटातून डोकं नाही, पाय आधी बाहेर आले तिचे. तिचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण निघून जाते. तू त्यांना ओट्यावर पालथं निजवायचीस, डाव्या टाचेनं पाठीला हळूच तीनदा टोचायचीस, अन् म्हणायचीस, "उठा सावकाश. चहा घेऊन जा." पैसा कधी घेतला नाहीस. कोणी केळीची फणी ठेवून गेलं तर ठेवून गेलं. पाटील आले, पोलीस आला, एकदा तर डॉक्टरच्या दवाखान्यातला कंपाउंडर आला. सगळ्यांच्या पाठीला तुझा पाय लागला.

माझ्या नाही लागला.

हेच भांडण आपलं अर्धं राहिलं. म्हणून लिहायला बसलो. नाहीतर लिहिणं माझं काम नाही. मी चौथीतून निघालो तो सरळ केळीत गेलो.

केळीचा घड खांद्यावर घेऊन बागेतून गाडीरस्त्यापर्यंत न्यायचा, चिखल असो की ऊन. जवान होतो तेव्हा घडाचा भार वाटला नाही. भार सगळा कमरेत जमा होत होता, ते म्हातारपणी समजलं. आधी नुसती कमर धरायची. मग ती कळ खाली उतरली. कुल्ल्यातून मांडीच्या मागून पोटरीत, अन् तिथून पार अंगठ्यापर्यंत, जशी कोणी तापलेली तार आतून ओढू राहिलं. बसलो की मांडीत तार, उभा राहिलो की पोटरीत मुंग्या. सकाळ तर सकाळच. खाटेवरून उठायला गेलो की कमर म्हणायची, आज नाही.

मी तुला म्हटलं, "गावाला पाय लावते, घरच्या माणसाला लाव."

तू म्हणालीस, "नवऱ्याला पाय लावू? पाप लागंल मले."

"मीच सांगतो ना, लाव. पाप मले लागो."

"तुमच्या सांगण्यानं पाप इकडचं तिकडं होते काय?"

अन् पीठ मळायला बसलीस. माझ्याशी भांडण झालं की पीठ जरा जास्तच मळलं जायचं तुझ्याच्यानं. त्या दिवशीच्या पोळ्या मऊ असायच्या, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मग मी शनवारा मोहल्ल्यातल्या त्या पायाळू पहेलवानाकडे गेलो. मला वाटलं, बाईच्या पायात एवढा गुण, तर बाप्याच्या पायात किती असंल. त्यानं मला मातीत पालथं पाडलं अन् अशी लाथ घातली की मला माझी आई दिसली. तिथून चालत निघणं शक्यच नव्हतं. ओळखीचा एक केळीचा टेम्पो रिकामा परतत होता. त्यात केळीच्या पानांवर मला आडवं टाकून घरी आणलं. गल्ली सारी गोळा झाली. तू दारात आलीस, पाहिलंस, अन् टेम्पोवाल्याला म्हणालीस, "सांभाळून उतरव रे भाऊ घड. डाग पडला तर भाव नाही येणार." सगळे हसले. मला पण हसू आलं, पण हसलो की मांडीत तार. तू रात्रभर शेक देत बसलीस अन् एक शब्द बोलली नाहीस. ते जास्त लागलं.

त्यानंतर सरकारी दवाखाना. डॉक्टरनं सायटिका सांगितलं, दबलेली नस, अन् पाठवलं बाजूच्या खोलीत एका मॅडमकडे. मॅडम म्हणजे पोरगीच, आपल्या नातीएवढी. तिनं खाली चटई टाकली अन् मला हिंदीत म्हणाली, "बाबा, रोज सुबह ये करना है. झटके से उठना नहीं." मी म्हटलं, "बेटा, गोली दे दे." ती म्हणाली, "गोली से दर्द सोएगा, नस नहीं खुलेगी." मी आढ्याकडे पाहत पडलो. तू मात्र माझ्या उशाशी बसलीस अन् एकेक गोष्ट अशी पाहत होतीस, जशी नवं विणकाम शिकते आहेस. घरी येताना रिक्षात तू मला पुसलंस, "समजलं का काही?" मी म्हटलं, "म्हातारपणी कोलांट्या मारायच्या, एवढं समजलं."

दुसऱ्या दिवसापासून सुरू झालं. मधल्या खोलीत सतरंजी. डोळा उघडला की लगेच उठायचं नाही, हा तुझा पहिला कायदा. आधी पडल्या पडल्या दोन्ही गुडघे दुमडून हळूहळू या अंगाला, त्या अंगाला. मग एक गुडघा छातीशी. मग दुसरा. मग दुखऱ्या पायाचा घोटा दुसऱ्या गुडघ्यावर ठेवून मांडी आपल्याकडे ओढायची. तिथं कुल्ल्यात आत खोल कुठंतरी गाठ सुटल्यासारखं व्हायचं. मग पालथं पडून कोपरांवर छाती उचलायची. मग चार पायांवर उभं राहून मांजरीसारखी पाठ वर, पाठ खाली. शेजारची सून खिडकीतून म्हणाली, "काकू, काका को दूध पिलाया क्या?" मी खिडकी लावून घेतली. तू उघडलीस. म्हणालीस, "हवा पाहिजे."

अन् शेवटी ते. मी उताणा, पाय सरळ वर, अन् तू समोर गुडघ्यावर बसून माझी टाच तुझ्या खांद्यावर घ्यायचीस. दोन्ही हातांनी गुडघा सरळ धरायचीस अन् हळूहळू पुढं झुकायचीस. मांडीची मागची शीर सुतासारखी ताणली जायची. मॅडमनं मोजून धरायला सांगितलं होतं. तुला आकडे आवडत नव्हते. तू माहेरची माणसं मोजायचीस. तुकईथडची, मोठ्यापासून लहानापर्यंत. केसरआक्का, मग भागवत, मग निर्मला, मग धाकटा प्रल्हाद, मग आक्काची पोरं, भागवतची पोरं, अशी ती यादी संपेपर्यंत पाय वर. भागवतला पोरं जास्त. मी ओरडायचो, "तुझ्या भावाला कोणी सांगितलं होतं एवढी लेकरं करायला?" तू म्हणायचीस, "हलू नका. पुन्हा आक्कापासून घ्यावं लागंल."

अन् मी रोज तेच पुसायचो. "माझा पाय खांद्यावर घेते. हे चालते. तुझा पाय माझ्या पाठीला लागला की पाप. हा कोणता न्याय?"

"माझं मले माहीत."

सुरुवातीला काही फरक पडला नाही. मी रोज म्हणायचो, बेकार आहे. तू रोज सतरंजी पसरायचीस. मग एक दिवस मी बुधवाऱ्यातून भाजी घेऊन घरी आलो, पिशवी ठेवली, अन् तेव्हा लक्षात आलं की मधे कोणाच्याच ओट्यावर बसलो नाही. तुला सांगितलं नाही. तू पिशवी उघडून म्हणालीस, "वांगे किडके आणले." पण तुझ्या तोंडाकडे पाहून मला समजलं, तुला समजलं होतं. दुखणं पूर्ण गेलं नाही कधी. पण ती तार निवली. थंडीत जास्त, उन्हाळ्यात कमी, अन् एखाद्या सकाळी सतरंजी चुकली की दिवसभर तिचा वचपा. माझं आयुष्य त्या सतरंजीवर चाललं, हे खरं आहे.

मागच्या हिवाळ्यात तू ते बोललीस. कोणी एक बाई उसण काढून नुकतीच गेली होती. तू ओट्यावर कप विसळत होतीस. मी सहजच म्हटलं, "तिला लावला पाय." तू पाण्याकडे पाहत म्हणालीस, "माझ्या पायात काही नाही."

मी म्हटलं, "काय?"

"उसण आपोआप जाते. दोन-तीन दिवसांत. पालथं पडलं, जरा निवांत श्वास घेतला, कोणी मायेनं पुसलं, की निम्मी तिथंच जाते. पाय लागला काय अन् नाही लागला काय."

"मग लोकांना काऊन लावते?"

"येतात बिचारे. नाही कसं म्हणू."

"मग मले काऊन नाही म्हटलं?"

तू कप उपडा ठेवलास. "तुमची उसण नव्हती. नस होती. माझ्या पायानं गेली नसती. अन् मग तुमचा माझ्यावरचा भरोसा गेला असता."

मी म्हटलं, "खोटं बोलते." तू म्हणालीस, "बरं, खोटं." अन् आत गेलीस. मी ठरवलं होतं, यावर तुझ्याशी एकदा नीट भांडायचं. म्हणजे इतकी वर्षं पाप पाप म्हणत होतीस ते काय होतं? अन् माझा भरोसा एका टाचेवर उभा होता असं तुला वाटलं तरी कसं? राहून गेलं. आज जाऊ उद्या जाऊ करता करता लोक तापीवर जायचं राहू देतात, तसं. मला अजूनही वाटतं तुझ्या पायात गुण होता. तू आता नाही म्हणू शकत नाहीस, म्हणून मी जिंकलो असं नाही. समोर कोणी नसताना जिंकण्यात काय आहे.

तू गेल्यावर सुतकाचे दिवस माणसांत गेले. घरभर पाहुणे, मधल्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरुणं. मी जमिनीवर कांबळ्यावर. सकाळी सतरंजी पसरायला जागा नाही, अन् खरं सांगू, लाज वाटली. बायको जाऊन चार दिवस नाहीत अन् म्हातारा जमिनीवर पडून पाय वर करतो आहे, हे लोकांना कसं दिसेल? तू म्हणाली असतीस, लोकांची कमर आहे काय ती. पण म्हणायला तू नव्हतीस.

तार परत आली. तापीच्या घाटावर मला वाकता आलं नाही. आपल्या पोरानं, नितीननं, मला मागून कमरेला धरलं तेव्हा तुला पाण्यात सोडलं. अन् तेराव्याच्या सकाळी मी उठायला गेलो तर कमर लाकूड झाली होती. पानं मांडायची वेळ, आचारी हाका मारतो आहे, अन् मी कांबळ्यावर उताण्या झुरळासारखा. एका बाजूनं पोरगा, एका बाजूनं तुझा भाऊ भागवत, दोघांनी मला काखेत हात घालून उभं केलं. सगळे पाहत होते. भागवत म्हणाला, "दाजी, आता तुम्ही एकटे राहू नका." झालं. एकदा सोयऱ्याच्या तोंडून निघालं की पोराचं काम सोपं.

नितीननं त्या रात्री सांगितलं, "बाबा, इंदूरला चला. कायमचे."

सून रूपाली म्हणाली, "पापा, वहाँ लिफ्ट है, बैठने वाला संडास है, मैं दिनभर घर में हूँ." चांगली आहे पोरगी. तिच्या बोलण्यात खोट नाही. पण तिथं तिसऱ्या मजल्यावर मला माहीत असलेलं एक माणूस नाही, एक कुत्रं नाही. इथं निदान गल्लीतल्या कुत्र्याला माहीत आहे मी कोण.

मी म्हटलं, "मी नाही येत."

"सकाळी तुम्हाला उठवणार कोण?"

इतकी वर्षं ज्या प्रश्नाचं उत्तर चुलीपाशी बसलेलं असायचं, तो प्रश्न पोरानं मला पुसला. मी म्हटलं, "एकट्यानं उठून दाखवलं तर?"

तो म्हणाला, "तर राहा. पण बाबा, खरंच एकट्यानं. खाट धरून लोंबकळायचं नाही."

"तू हात लावायचा नाही."

"नाही लावत."

पहिल्या सकाळी मी घाई केली. पोराला दाखवायचं म्हणून झटका देऊन उठलो, तुझा पहिला कायदा मोडून. अर्ध्यात तार अशी ओढली गेली की खाटेच्या पायावर डोकं आपटलं. त्यानं धावत येऊन मला टेकवून बसवलं. म्हणाला, "झालं समाधान?" मी म्हटलं, "उद्या." तो म्हणाला, "बाबा, जिद्द सोडा ना." मी म्हटलं, "तुझ्या आईनं सोडली का कधी?" रूपाली आत कपड्यांच्या घड्या घालत होती, त्यात माझे पण होते.

त्या दिवशी पाहुणे सगळे गेले. मधली खोली मोकळी झाली. मी संध्याकाळीच सतरंजी झटकून तिथं टाकून ठेवली अन् तिच्यावरच झोपलो.

सकाळी डोळा उघडला तर नितीन आधीच उठलेला, स्वयंपाकघराच्या दारात उभा. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. गुडघे या अंगाला, त्या अंगाला. खूप वेळ. घाई नाही केली. गुडघा छातीशी घेतला, तार होतीच, पण तिच्याशी भांडलो नाही, नुसता श्वास सोडला. घोटा गुडघ्यावर. ती गाठ लगेच नाही सुटली. वाट पाहिली. तुला वाट पाहता यायची, मला नाही येत. पण त्या सकाळी पाहिली. पालथा झालो, कोपरांवर आलो. मांजर झालो.

मग पाय वर घ्यायची वेळ आली अन् खांदा कुठून आणू?

मी सरपटत दाराच्या चौकटीपर्यंत गेलो. देवघराच्या खोलीचं दार. कुल्ले चौकटीजवळ नेले, एक पाय दारातून पलीकडे सरळ सोडला, अन् दुखरा पाय उचलून टाच चौकटीला टेकवली. चौकट गार होती. हलत नव्हती, पुढं झुकत नव्हती. मीच हळूहळू सरकलो, तेवढी शीर ताणली गेली.

मोजायला सुरुवात केली. केसरआक्का. तिथं अडलो. आक्कानंतर भागवत येत नाही, हे इतकी वर्षं माझ्या कधी ध्यानातच आलं नाही. आक्कानंतर तू. तू स्वतःला रोज गाळत होतीस. मी तुझं नाव कधी घेतलं नाही, लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. नाहीतर अगं, ऐकलं का, कुठं गेली. त्या दिवशी जमिनीवर पडून, पाय चौकटीला लावून, पोराच्या समोर मी घेतलं. सुभद्रा. मग भागवत. मग निर्मला. मग प्रल्हाद. मग पोरं. एकही विसरलो नाही.

मग पाय खाली. कुशीवर वळलो. कोपर, मग तळहात, मग एक गुडघा, मग दुसरा. भिंतीला हात लावला, लोंबकळलो नाही. उभा राहिलो. थोडा वाकडा, पण उभा.

नितीन दारातच होता. त्यानं स्वतःचे दोन्ही हात पाठीमागं घट्ट धरून ठेवले होते. मला तेव्हा समजलं, त्याला पण सोपं नव्हतं.

तो म्हणाला, "बाबा, ती नावं कशाला घेत होते?"

मी म्हटलं, "मोजत होतो."

"आईचं पण घेतलं."

"हो. मधे येते ती."

तो आत गेला. थोड्या वेळानं रूपालीला म्हणताना ऐकलं, "पापा के कपड़े निकाल दे बैग में से." ती म्हणाली, "सब?" तो म्हणाला, "सब."

दुसऱ्या दिवशी गाडी आली. रूपालीनं डब्यांमधे काय काय आहे ते मला दाखवलं. नितीननं मोबाइलचा मोठा आवाज लावून दिला, रोज सकाळी फोन करणार, उचलला नाही तर भागवतमामाला पाठवणार, अशी धमकी दिली. पाया पडला. मी म्हटलं, "जा, ऊन होईल." गाडी शनवाऱ्याच्या दरवाज्याकडे वळेपर्यंत मी ओट्यावर उभा होतो. बसलो नाही. उभं राहता येत होतं.

जे मागितलं ते मिळालं. घर माझं राहिलं. दार लावलं अन् आत आलो. तेव्हा पहिल्यांदा या घरात मी अन् मीच. तुला खरं सांगतो, उठता येणं हीच मोठी गोष्ट आहे असं मला वाटत होतं. उठल्यानंतर दिवस असतो, याचा विचार मी केला नव्हता. तो आपोआप जायचा. तू चहा ठेवायचीस, कोणी उसणवाला यायचा, आपण भांडायचो, पोळ्या मऊ व्हायच्या, अन् दिवे लागायचे.

दुपारी जेवलो. भांडं घासलं. फॅनखाली बसलो, उठलो, पुन्हा बसलो. कमर ठीक होती. मांडीत काही नव्हतं, पोटरीत काही नव्हतं. मग मी सतरंजी आणली अन् पुन्हा पसरली. दुखत नव्हतं, तरी. उताणा पडलो, टाच चौकटीला लावली. या वेळी नावं घेतली नाहीत. तिकडं गल्लीत कोणाची तरी गाडी चालू होत नव्हती, पुन्हा पुन्हा किक मारण्याचा आवाज येत होता, मग तोही थांबला. आता पुरे, उठा, असं म्हणणारं घरात कोणी नव्हतं. मी पाय तसाच वर ठेवून पडून राहिलो.